घरबसल्या बीएस्सी नर्सिंग? आधी ओरिजिनल कागद कपाटात ठेवा

कोल्हापुरातल्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. नाव, हॉस्पिटल, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते.

वय ३१. बारावीनंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे. गेली आठ वर्षं शहरातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात, त्यातली पाच आयसीयूत. हातात साडेएकोणीस हजार पडतात. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, मुलगा पहिलीत, घराचा हप्ता चालू, सासूबाई घरी असतात. मागच्या महिन्यात आयसीयूची इन्चार्ज म्हणून चोवीस वर्षांच्या एका मुलीला केलं, ती बीएस्सी आहे म्हणून, आणि त्या मुलीला व्हेंटिलेटर लावायला याच ताईंनी शिकवलं होतं. तेव्हापासून डोक्यात एकच, डिग्री करायची. अमेरिकेत असलेल्या मावसबहिणीनं नोकरी करत, घरात बसून, ऑनलाइन बीएसएन, म्हणजे तिकडची नर्सिंगची डिग्री, केलंय. आणि इथे व्हॉट्सॲपवर जाहिरात आलीय, ‘एका वर्षात बीएस्सी नर्सिंग, फुल ऑनलाइन, हजेरी नको, फक्त ८५ हजार, हप्त्यांची सोय’. राजारामपुरीत त्यांचं ऑफिस आहे, जाऊन आल्या. महिनाअखेरपर्यंत वीस हजार बुकिंग आणि जीएनएमच्या ओरिजिनल मार्कशीट, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट जमा करा म्हणतायत. मिस्टर ‘कर’ म्हणतात, सासूबाई ‘आता कशाला’ म्हणतात. प्रश्न असा, की नोकरी करणाऱ्या नर्सला परवडेल असा चांगला ऑनलाइन कोर्स कुठला, का सरळ नोकरी सोडून रेग्युलर करावं?

ताई, बाकीचं सावकाश वाचा, पण एक काम आजच करा. तुमची ओरिजिनल कागदपत्रं जिथं असतील तिथंच राहू द्या. राजारामपुरीतल्या त्या माणसाला द्यायची नाहीत, ‘व्हेरिफिकेशनला फक्त दोन दिवस’ म्हणाला तरी नाही. रजिस्ट्रेशन म्हणजे तुमची रोजीरोटी आहे. एकदा ते त्याच्या ड्रॉवरमध्ये गेलं की मग पुढचा हप्ता, परीक्षा फी, ‘युनिव्हर्सिटीतनं साहेब आलेत त्यांचा खर्च’ हे सगळं तुम्ही मुकाट्यानं भरत बसणार, कारण कागद अडकलेत. खऱ्या कॉलेजात ॲडमिशन घेताना ओरिजिनल बघायला मागतात, ठेवून घेतले तर पोच देतात, त्यावर शिक्का असतो, कॉलेजचा कोड असतो. इथं तुम्हाला पोच कसली मिळणार होती ते पत्रात लिहिलेलं नाही, पण बुकिंगसाठी त्यानं जो क्यूआर कोड पाठवलाय तो एका माणसाच्या खासगी नावावर आहे, हे तुम्हीच जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय. कुठली युनिव्हर्सिटी कुणा भाऊसाहेबांच्या यूपीआयवर फी घेते?

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय ‘कुठला ऑनलाइन कोर्स स्वस्त आणि चांगला’. वाईट वाटेल, पण आपल्याकडे ऑनलाइन बीएस्सी नर्सिंग असं काही नसतंच. यूजीसीचे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे जे २०२० चे नियम आहेत त्यात काही विषय या पद्धतीनं शिकवायलाच बंदी आहे, मेडिकल, डेंटल, फार्मसी, फिजिओथेरपी, आणि त्यातच नर्सिंग. कारण उघड आहे, कॅथेटर घालायला झूमवर शिकता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे एखादी युनिव्हर्सिटी खरी असली, यूजीसीच्या यादीत असली, नॅकची ग्रेड असली, तरी तिची ‘ऑनलाइन नर्सिंग’ची डिग्री इंडियन नर्सिंग कौन्सिल मानणार नाही, आणि आयएनसीची मान्यता नसली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये ॲडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंद होणार नाही, आणि नोंद नाही म्हंजे सरकारी भरतीत, पुढच्या एमएस्सीला, परदेशात, कुठंच त्या कागदाचा उपयोग नाही. फार तर फ्रेम करून भिंतीवर.

यातली एक चलाखी सगळ्याच नर्सेसनी लक्षात ठेवा. कधी कधी एजंट खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. सर्टिफिकेटवर ‘बीएस्सी नर्सिंग’ नसतंच, ‘बीएस्सी पेशंट केअर मॅनेजमेंट’ किंवा ‘बीव्होक’ असं काहीतरी असतं. ती डिग्री खरी असू शकते, पण ती नर्सिंगची नाही. म्हणून डिग्रीचं पूर्ण नाव, शब्दन् शब्द, लिहून घ्यायचं. आणि हल्ली एक नवीन ऐकायला येतंय, की नवीन नर्सिंग कायदा आला, त्यात ऑनलाइन चालतंय. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झालाय खरा, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. पण तसं म्हणणाऱ्याला कायद्यातलं कलम काढून दाखवायला सांगा, बघू काय दाखवतो.

मग मावसबहिणीनं केलं ते कसं? तिनं केलं ते खरंच आहे, फक्त ती गोष्ट तिथलीच आहे. अमेरिकेत बऱ्याच नर्सेस कम्युनिटी कॉलेजातनं दोन वर्षांची असोसिएट डिग्री करतात, एनसीलेक्स-आरएन परीक्षा देतात आणि लायसन्स घेऊन कामाला लागतात. डिग्रीवाली पण तीच परीक्षा देते. २०१० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालात शिफारस आली की २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस पदवीधर असाव्यात, न्यूयॉर्क राज्यानं तर २०१७ मध्ये कायदाच केला की नवीन नर्सनं दहा वर्षांच्या आत बॅचलर्स पूर्ण करायचं. मग नोकरी करणाऱ्या इतक्या बायका कॉलेजात जाणार कशा, म्हणून आरएन-टू-बीएसएन, म्हणजे लायसन्सवाल्या नर्सला डिग्रीपर्यंत नेणारे, ऑनलाइन कोर्स वाढले. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी तर सहा महिन्यांची एकच ठरलेली फी असते, त्या सहा महिन्यांत तुम्ही जितके विषय उरकाल तितके तुमचे, म्हणून भराभर करणाऱ्याला स्वस्त पडतं. पण तिथंही कुणी डोळे झाकून पैसे भरत नाही, कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आहे का हे आधी बघतात. आणि मुख्य म्हणजे या कोर्सला प्रवेशच बहुतेक ठिकाणी अमेरिकेचं आरएन लायसन्स असणाऱ्याला मिळतो. ते तुमच्याकडे नाही. बहिणीला आडून विचारा, तिच्या कोर्सची मान्यता तिनं कुठं तपासली, ती लगेच सांगेल. तोच प्रश्न राजारामपुरीत विचारला तर काय उत्तर येतं ते बघा. मला तिच्या गोष्टीतनं शिकण्यासारखं दिसतं ते एवढंच, आधी मान्यता तपासायची, ऑनलाइन वगैरे नंतर.

आता जरा वेगळं बोलते, रागावू नका. तुमच्या पत्रात ‘डिग्री’ हा शब्द पानापानावर आहे, पण डिग्री मिळाल्यावर नक्की काय करायचंय ते कुठंच नाही. मला तरी वाटतं की तुम्हाला लागलंय ते त्या इन्चार्जच्या पोस्टचं. जिला शिकवलं तीच डोक्यावर बसली, लागणारच, कुणालाही लागेल. पण त्या रागात ८५ हजार किंवा दोन वर्षं घालवायच्या आधी एक चौकशी करा. एचआरला किंवा मेट्रन मॅडमना भेटा, तक्रार करायला नको, शांतपणे विचारा की इन्चार्जसाठी तुमचा लेखी निकष काय आहे, आणि मी पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची बीएस्सी, केलं तर पगारात किती फरक पडेल. आकडा घ्या, ‘बघू की, करू काहीतरी’ हे उत्तर म्हणजे शून्य रुपये समजा. समजा ते म्हणाले दोन हजार वाढवू. आता तुमचा पगार साडेएकोणीस हजार, नोकरी सोडून दोन वर्षं रेग्युलर केलं तर बुडणारा पगार झाला ४ लाख ६८ हजार, फी वेगळीच. महिन्याला दोन हजार जादा म्हणजे वर्षाला २४ हजार. नुसता बुडालेला पगार भरून निघायला साडेएकोणीस वर्षं लागतील, तोवर तुम्ही बावन्न-त्रेपन्नच्या व्हाल. म्हणजे याच हॉस्पिटलात इन्चार्ज व्हायचं म्हणून नोकरी सोडून डिग्री करणं हा पैशाच्या हिशोबानं तोट्याचा सौदा आहे. मानाचा हिशोब वेगळा असतो, मान्य आहे, पण घराचा हप्ता मानावर फिटत नाही.

पत्रात आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीय, ‘जीएनएमला आता कुठंच काय राहिलं नाही’. हे मला पटत नाही. राज्य सरकारच्या हॉस्पिटलांत, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी, अधिपरिचारिकेच्या पदाला जीएनएम चालतं. त्या पदाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं. आणि त्या पदावर जीएनएमवाली आणि बीएस्सीवाली शेजारी शेजारी बसतात, दोघींची वेतनश्रेणी तीच. वयाची अट राज्यात खुल्या गटाला साधारण ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे तुमच्या हातात वर्षं आहेत. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी जी नॉरसेट परीक्षा असते तिलाही जीएनएम चालतं, फक्त ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. तिथं मूळ वेतन ४४,९०० आहे आणि ८० टक्के जागा बायकांना. पण तिथं वयोमर्यादा ३० आहे, ओबीसीला तीन वर्षं आणि एससी-एसटीला पाच वर्षं सवलत. तुम्ही कुठल्या कॅटेगरीत बसता ते पत्रात नाही, बसत असाल तर ही गाडी आत्ताच पकडायची आहे, डिग्री करून येईपर्यंत ती गेलेली असेल. म्हणजे गंमत बघा, डिग्रीच्या मागं लागून डिग्री नसताना मिळणारी नोकरी हुकायची.

तेवढ्यासाठी एक छोटं काम. हॉस्पिटलकडनं अनुभवाचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात खाटांची संख्या, तुमची नेमणुकीची तारीख, विभाग आणि पद स्पष्ट लिहून घ्या. ‘शी इज हार्डवर्किंग ॲन्ड सिन्सिअर’ असलं चार ओळींचं पत्र डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला चालत नाही. नोकरीत असताना हे पत्र गोडीत मिळतं, राजीनामा दिल्यावर त्याच क्लार्कला वेळ नसतो.

मग डिग्री कशाला लागते? लागते की, काही ठिकाणी तिच्याशिवाय दारातच अडवतात. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर व्हायचं असेल तर बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी आणि वर अनुभव लागतो. पुढं एमएस्सी नर्सिंग करायचं तर लागतेच. आपल्याकडे आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदाला बीएस्सी नर्सिंग लागतं, ते कंत्राटी असलं तरी खासगीतल्या साडेएकोणीसपेक्षा बरं. आणि काही मोठ्या हॉस्पिटलांत वरच्या पोस्टला. पत्रात एका जागी तुम्ही लिहिलंय की नवीन पोरींना शिकवताना नाइट ड्यूटीचा शीणसुद्धा जाणवत नाही, एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट कसा वाचायचा ते तुम्ही बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवता आणि पोरी त्याचे फोटो काढून ठेवतात. ताई, हे वाचून मला वाटलं, की तुम्हाला इन्चार्ज व्हायचंय का शिकवायचंय? कारण शिकवायचं असेल तर माझं उत्तर बदलतं, मग डिग्री करा, जरूर करा, पण खरी करा.

खरी म्हणजे कुठली? जीएनएमवाल्यांसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. रेग्युलर दोन वर्षांचं, महाराष्ट्रातली कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात, कोल्हापूर-सांगलीकडंच मिळू शकतं, पण दरवर्षी कॉलेजचं नाव आयएनसीच्या वेबसाइटवर त्या त्या वर्षाच्या, त्या त्या कोर्सच्या यादीत आहे का ते बघायचं. कॉलेज मान्यताप्राप्त असणं आणि पोस्ट बेसिकला मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथं फसायला होतं. हजेरी ८० टक्के लागते, आणि प्रॅक्टिकल तर डिग्री हातात पडेपर्यंत शंभर टक्के भरून काढावं लागतं. काहीजणी म्हणतात दिवसा कॉलेज करू, रात्री ड्यूटी करू. करतातही. पण आयसीयूत रात्री दोनला इन्फ्युजन पंपचा रेट लावणारीला दिवसभर झोप मिळालेली नाही, हे पेशंटच्या दृष्टीनं कसंय ते तुम्हीच सांगा. आणि घरी सहा वर्षांचं पोर. मी हा सल्ला कुणालाच देत नाही.

खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती वेबसाइटवर टाकलेली असते, कॉलेजच्या काउंटरवर सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा जुळतो का बघा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल आहे, त्यात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, आपल्या गावच्या राजाचंच नाव आणि आपल्याच पोरींना माहीत नसतंय. ८ लाखांपर्यंत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी पूर्ण माफ करायचा निर्णयही २०२४-२५ पासून आहे. पण प्रवेश सरकारी प्रक्रियेतनं झालेला लागतो, मॅनेजमेंट कोट्याला हे मिळत नाही. पोस्ट बेसिकला आणि तुमच्या कॅटेगरीला नक्की काय लागू आहे ते ॲडमिशनच्या आधी कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या क्लार्कला विचारा, प्रिन्सिपॉलना नाही, क्लार्कला. त्यालाच सगळं माहीत असतं.

दुसरा रस्ता, आणि माझ्या मते नोकरी न सोडता चालण्यासारखा हाच, तो म्हणजे इग्नूचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. नीट वाचा, हे ऑनलाइन नाही. हे दूरशिक्षण आहे, वर सांगितलेली बंदी असतानाही याचे प्रवेश निघत आलेत, पुस्तकं घरी येतात, पण प्रॅक्टिकलचे दिवस ठरवून दिलेल्या सेंटरवर, म्हणजे एखाद्या नर्सिंग कॉलेजवर, जाऊन भरावेच लागतात. नोकरी करणाऱ्या नर्सेससाठीच बनवलेला कोर्स आहे, कमीत कमी तीन वर्षांचा. बारावीनंतर जीएनएम केलेल्यांना रजिस्ट्रेशननंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो, दहावीनंतर केलेल्यांना पाच वर्षांचा. प्रवेश परीक्षा असते, साधारणपणे जानेवारीच्या सत्रासाठी, जाहिरात आधीच्या वर्षाच्या शेवटाकडे येते, सेंटरला जागा मोजक्याच असतात. फी खासगी रेग्युलर कॉलेजच्या मानानं बरीच कमी. आपल्या भागासाठी पुण्याचं रिजनल सेंटर आहे, तिथं फोन करून यंदा प्रवेश निघणार आहेत का आणि जवळचं सेंटर कुठलं मिळेल हे दोनच प्रश्न विचारा. फोन लवकर उचलत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, ईमेल टाका, म्हणजे लेखी उत्तर राहतं. अभ्यास सगळा इंग्रजीतनं आहे, लिहायची सवय मोडली असेल तर आतापासूनच रोज अर्धं पान लिहायला घ्या. आणि सेंटर दुसऱ्या शहरात आलं तर जाण्यायेण्याचं, राहण्याचं भाडं आणि बिनपगारी रजा हे पण फीतच धरा, नाहीतर ‘स्वस्त’ म्हणून घेतलेलं महाग पडतं.

अशीच पत्रं लिहिणाऱ्या काही जणींना, खरं तर, नर्सिंगची डिग्री नकोच असते, त्यांना फक्त ‘ग्रॅज्युएट’ व्हायचं असतं, एमपीएससीचा फॉर्म भरायला, इन्शुरन्स कंपनीच्या क्लेमच्या कामात जायला, नाहीतर पुढं हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए करायला. त्यांना मात्र घरबसल्या स्वस्त पर्याय खरंच आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याचं विभागीय केंद्र कोल्हापुरातच आहे, आणि आपल्या शिवाजी विद्यापीठाचं पण दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, बीए, बीकॉम मराठीतनं नोकरी सांभाळून होतं. मात्र यातनं तुम्ही बीएस्सी नर्स होत नाही, ही डिग्री वेगळ्या रांगेतली. आणि ‘मग न्यूट्रिशन नाहीतर सायकॉलॉजी ऑनलाइन करते, आपल्या फील्डला जवळचं’ असं मनात आलं असेल तर तेही दार आता बंद झालंय, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं सायकॉलॉजी, फूड ॲन्ड न्यूट्रिशन असे आरोग्याशी निगडित विषय ऑनलाइन आणि दूरशिक्षणातनं काढून टाकलेत. कुठल्याही ऑनलाइन कोर्सला जायचं झालं तर यूजीसीच्या डीईबी, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, पोर्टलवर ती युनिव्हर्सिटी आणि तो कोर्स त्या वर्षी आहे का बघायचं, आणि प्रवेशासाठी स्वतःचा डीईबी आयडी काढायचा. जो एजंट ‘आयडी-बिडी काय नको मॅडम, आम्ही करतो सगळं’ म्हणतो त्याच्याकडनं चहा पिऊन उठायचं.

परदेशाचं तुम्ही एका ओळीत विचारलंय, मी पण थोडक्यातच सांगते. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला जीएनएम चालतं, तिथं खरी अडचण इंग्रजीची असते, आयएल्ट्सला वाचन, ऐकणं, बोलणं यात ७ आणि लिहिण्यात साडेसहा, किंवा मग ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, त्यानंतर त्यांची कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि प्रॅक्टिकल. जर्मनीला भाषाच आधी शिकावी लागते, बी-टू लेव्हलपर्यंत. म्हणजे परदेशी जायचं मनात असेल तर पुढचं वर्षभर डिग्रीपेक्षा भाषेवर घालवलेलं बरं. पण मुलगा पहिलीत आणि मिस्टरांची नोकरी इथं, त्यामुळे हा विषय घरात आधी बोला, मग क्लासची फी भरा.

सासूबाईंबद्दल. तुम्ही त्यांना पत्रात जरा खलनायिका केलंय. त्या ‘आता कशाला’ म्हणतात, पण नाइटला तुम्ही जाता तेव्हा पोराला त्याच झोपवतात, असंही तुम्हीच लिहिलंय. कदाचित त्यांना भीती अभ्यासाची नसेल, अजून तीन वर्षं सगळं आपल्याच अंगावर पडणार याची असेल. त्यांना ‘मी शिकणार’ एवढंच सांगू नका, प्रॅक्टिकलचे कुठले आठवडे मी नसणार, तेव्हा पोराच्या शाळेचं कोण बघणार, मिस्टर काय काय करणार, हे कॅलेंडरवर लिहून दाखवा. ‘कर’ म्हणणाऱ्या मिस्टरांचा पण त्यात वाटा असू द्या, नुसतं ‘कर’ म्हणायला काय जातंय?

मला विचाराल तर मी असं करेन. एजंटाचा नंबर ब्लॉक. नोकरी सोडायची नाही. या महिन्यात अनुभवाचं पत्र आणि एचआरचा आकडा. राज्याच्या आणि एम्सच्या भरतीवर लक्ष ठेवायचं, तिचा अभ्यास आणि इग्नूच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास यात बराच भाग तोच आहे, ॲनाटॉमीपासून मेडिकल-सर्जिकलपर्यंत, म्हणजे एका अभ्यासात दोन फॉर्म. शिकवायचंच आहे असं सहा महिन्यांनी पण वाटलं तर इग्नू, आणि इग्नूला सेंटर लांब आलं व इकडे स्कॉलरशिप बसत असेल तरच रेग्युलरचा विचार, तोही हप्ता कसा भरणार ते ठरल्यावर. मधल्या काळात बीएलएस, एसीएलएस हे जीव वाचवायच्या तातडीच्या उपचारांचे छोटे कोर्स करून ठेवा, सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, आयसीयूवाल्यांना कुठल्याही इंटरव्ह्यूत त्याचा उपयोग होतो. आणि कौन्सिलचं तुमचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं ते कधी संपतंय तेवढं बघून घ्या, डिग्रीच्या धावपळीत बऱ्याच जणी मूळचंच विसरतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच अशा ठिकाणी पैसे भरले असतील, तर लाजून गप्प बसू नका. पावत्या, चॅट, यूपीआयचे मेसेज, जाहिरातीचा फोटो सगळं एका जागी ठेवा, एजंटाला भांडायच्या आधी ठेवा, नंतर तो चॅट डिलीट करतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला जितक्या लवकर होईल तितक्या लवकर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. ओरिजिनल कागद अडकवून ठेवले असतील तर जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि तोच अर्ज नर्सिंग कौन्सिललाही पाठवा. एकटीनं जाऊ नका, अजून दोघी-तिघी फसलेल्या असतातच, त्याच हॉस्पिटलात विचारलं तरी सापडतील.